शार्कचे यंत्र आणि कृष्णेतील मगर



गेल्या मार्च महिन्यातील गोष्ट. प्रात्यक्षिकाचा तास संपला, मुले निघून गेली, पण आमणापूरचा एक विद्यार्थी टेबलापाशी घुटमळत राहिला. हातात वहीचे फाडलेले पान. "सर, एवढं जरा बघता का?"

पानावर एक आकृती होती. ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी, तिला जोडलेला इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरमधून निघून नदीत सोडलेल्या दोन तारा. तारांच्या टोकांना तांब्याच्या पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला एक माणूस. तो त्याचा चुलता. कृष्णेवर त्यांची पाण्याची मोटर आहे आणि फूटव्हॉल्व्हला पालापाचोळा अडकला की तो काढावयास कोणीतरी पाण्यात उतरावेच लागते. पानाच्या कोपऱ्यात लांब तोंडाची एक मगर काढली होती. ती पाठ फिरवून पळत होती.

आमच्या कुंडलपासून कृष्णा सायकलवरून जाण्याइतकी जवळ आहे. आमणापूर, भिलवडी, औदुंबर या टापूत राहणाऱ्यांना मगरीचे वर्णन करून सांगावयाची गरज नाही. थंडीत वाळूवर ऊन खात पडलेली मगर तिथल्या पोरासोरांनी पाहिलेली असते आणि मगरीने माणसाला धरल्याच्या घटनाही या नदीकाठाने सोसल्या आहेत. तेव्हा मुलाची काळजी खोटी नव्हती. त्याने मोबाईलवर एका परदेशी पाणबुड्याची चित्रफीत पाहिली होती. पाणबुड्याच्या घोट्याला एक यंत्र बांधलेले, त्यामागे शेपटीसारखी लोंबणारी तार. शार्क मासा सरळ अंगावर येतो, जवळ येताच एकदम अंग झटकून वळतो आणि निघून जातो. पाणबुडा वर येऊन सांगतो, मी इतकी वर्षे हे यंत्र वापरतो, मला शार्कने कधी शिवलेले नाही. "मग सर, शार्क पळतो तर मगर का नाही पळणार?"

येत्या रविवारी नदीवर प्रयोग करावयाचा असा त्याचा बेत होता. मी ते पान त्याच्याकडून मागून घेतले आणि त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. त्या दिवशी व पुढच्या काही दिवसांत आमचे जे बोलणे झाले ते मी येथे लिहीत आहे. कारण असे पान आणखीही कोणाच्या दप्तरात असेल.

प्रथम शार्क. कोकणात लहान शार्कला मुशी म्हणतात. मालवणच्या बाजारात तुम्ही ती पाहिली असेल. तिच्या नाकाडाच्या कातडीवर बारीक टोचल्यासारखी असंख्य छिद्रे असतात. प्रत्येक छिद्राच्या आत जेलीने भरलेली एक नळी आणि नळीच्या तळाशी एक छोटी कुपी असते. लोरेंझिनी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १६७८ साली या कुप्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. पण त्या कशासाठी आहेत, हे पुढे जवळजवळ पावणेतीनशे वर्षे कोणाला उमगले नाही. उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले आणि ते पक्के करणारा काल्मिन या संशोधकाचा १९७१ सालचा प्रयोग मला इतका आवडतो की तो थोडा सविस्तर सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

काल्मिनने एका टाकीत लहान जातीचा शार्क सोडला. टाकीच्या तळाच्या वाळूत, आपल्याकडच्या लेपासारखा एक चपटा मासा दडलेला होता. शार्कने तो बरोबर हुडकला. आता कशाच्या जोरावर? दिसत तर नव्हताच. वास असेल काय? काल्मिनने मासा अगारच्या पेटीत ठेवला आणि पेटी वाळूत पुरली. अगार म्हणजे तुमच्या घरी जेली करण्यासाठी आणतात तोच चायना ग्रास. त्यातून वास बाहेर पडत नाही, पण वीज मात्र जाते. पेटीतून पाण्याची बारीक धार नळीने लांब नेऊन सोडली होती. शार्क तरीही थेट माशावरच आला. नंतर जिवंत माशाऐवजी मेलेल्या माशाचे तुकडे पेटीत ठेवले. आता मात्र शार्क पेटीकडे न जाता, नळीतून वास जेथे बाहेर पडत होता तेथे शोधू लागला. मग पुन्हा जिवंत मासा ठेवून पेटीवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घातला. प्लॅस्टिक विजेला अडवते. शार्क वरून निघून गेला, त्याला पत्ता लागला नाही. शेवटी मासा काढूनच टाकला आणि माशाच्या शरीरातून निघते तेवढी क्षीण वीज सोडणारी दोन विद्युदग्रे वाळूत पुरली. शार्कने ती विद्युदग्रे चावली! शेजारी खरा खाऊ पडलेला असतानाही.

या प्रयोगात काल्मिनने एकेका शक्यतेला वाट करून दिली आणि एकेकीची वाट बंद केली. दृष्टी, वास, वीज, प्रत्येक वेळी फक्त एकच गोष्ट बदलली. हे लक्षात असू द्या, पुढे आपल्याला पाणबुड्याकडे वळावयाचे आहे.

शार्कची ही जाणीव किती तीक्ष्ण आहे? एका सेंटीमीटरला एका व्होल्टच्या अब्जांश भागाच्या पाचपट, इतके क्षीण विद्युत्क्षेत्र शार्कला कळते. हा आकडा वाचून काहीच बोध होत नाही, म्हणून असे करा. बॅटरीतला दीड व्होल्टचा साधा सेल घ्या. त्याचे एक टोक काश्मीरमध्ये आणि दुसरे कन्याकुमारीला, म्हणजे सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावर आहे असे समजा. दीड व्होल्टला तीस कोटी सेंटीमीटरने भागा. दोन टोकांच्या मधल्या पाण्यात जे विद्युत्क्षेत्र पसरेल, ते शार्कला जाणवण्याच्या सीमेवर असेल. अर्थात ही जाणीव जवळची आहे. माशाच्या शरीरातून निघणारी वीज इतकी अल्प की हातभर, फार तर वाव-दीड वाव अंतरावरच ती कळते. लांबून शार्क वासावर येतो, शेवटच्या टप्प्यात विजेवर.

ज्याचे कान इतके तिखट, त्याच्या कानाशी ढोल बडवला तर? या कल्पनेवर हे यंत्र उभे आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ शार्क्स बोर्ड या संस्थेने १९९० च्या दशकात पाणबुड्यांसाठी असे यंत्र तयार केले आणि पुढे त्याच धर्तीची यंत्रे ऑस्ट्रेलियात निघाली. यंत्रात बॅटरी असते; दोन विद्युदग्रांमध्ये सेकंदाला दीड-दोन वेळा विजेचा ठोका पडतो आणि प्रत्येक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. शार्कला हे ठोके सोसवत नाहीत.

हे यंत्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. मॉसेल बे या दक्षिण आफ्रिकेतील ठिकाणी केलेली एक काटेकोर चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. आमिषाजवळ यंत्र लावले, जोड-कॅमेऱ्यांनी अंतरे मोजली. ग्रेट व्हाइट जातीचे शार्क पहिल्या खेपेस यंत्रापासून सरासरी १.३१ मीटरवर थबकले. तेथील विद्युत्क्षेत्र होते मीटरला जवळजवळ दहा व्होल्ट. वर सांगितलेल्या जाणिवेच्या सीमेशी त्याची तुलना करून पाहा: दोन कोटी पट! तेव्हा 'शार्क दुरूनच घाबरून पळतो' हा समज काढून टाका. तो पुरुषभर अंतराच्याही आत येतो. आणि पुढे असे दिसले की प्रत्येक पुढच्या खेपेस तो सरासरी अर्धी वीत, म्हणजे साडेअकरा सेंटीमीटर, आणखी जवळ येतो. सवय होते म्हणा, धीर चेपतो म्हणा. चाचणीच्या वेळेत मात्र चालू यंत्राने त्याला आमिषापासून दूर ठेवले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दुसरी चाचणी २०१८ ची, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील नेपच्यून बेटांजवळची. बाजारात मिळणारी पाच साधने घेतली: काही विजेची, काही लोहचुंबकाची, एक उग्र वासाच्या मेणाचे. लाटांवर घसरण्याच्या फळीखाली आमिष बांधले. ४४ शार्क आणि २९७ खेपा. नुसत्या फळीखालचे आमिष शार्कने शंभरातून ९६ वेळा नेले. पाचांपैकी एका विद्युत्-यंत्राने हे प्रमाण ४० वर आणले. बाकीच्या चौघांचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. त्यातील चुंबकाच्या साधनांबद्दल तर अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगाविनाच शंका घ्यावयास हवी होती. छोट्या चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की ते अष्टमांश उरते. मनगटावरच्या चुंबकाचा प्रभाव वीतभर अंतरापलीकडे तो कितीसा असणार!

आणि ज्याने सर्वांत चांगले काम केले त्या यंत्राचे काय? शंभरातून चाळीस वेळा आमिष गेलेच. तुमच्या आईला सांगा, की ही छत्री शंभरातून साठ पावसांत भिजू देत नाही. ती छत्री घेईल, कदाचित घ्यावीही. पण 'मी छत्री घेतली म्हणून पाऊस लागत नाही' असे ती कधी म्हणणार नाही.

आता त्या पाणबुड्याकडे वळू. तो खोटे बोलत नाही. त्याच्या अनुभवात खोट नाही, अनुभवावरून काढलेल्या निष्कर्षात आहे. ऑस्ट्रेलियातील रॉन आणि व्हॅलरी टेलर हे दांपत्य शार्कच्या चित्रीकरणासाठी जगभर प्रसिद्ध होते. १९९२ साली दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात त्यांनी शार्कला रोखणाऱ्या विजेच्या अडसराची चाचणी करण्यात भाग घेतला. परंतु त्याच मोहिमेत ते पिंजऱ्याविना आणि दुसऱ्या कोणत्याही संरक्षणाविना ग्रेट व्हाइट शार्कांमध्ये उतरून चित्रीकरण करूनही सुखरूप वर आले! समजा, त्या वेळी त्यांच्या घोट्याला एखादे यंत्र बांधलेले असते, तर आपण सर्वांनी काय म्हटले असते? "पाहा, यंत्राने वाचवले." आणि यंत्राऐवजी गंडा बांधलेला असता, तर गंड्याने वाचवले असते.

शार्क माणसाला सहसा चावतच नाही, यंत्र असो वा नसो. जी गोष्ट मुळात क्वचित घडते, ती घडली नाही यावरून कोणाच्याही पदरात श्रेय टाकता येत नाही. आमच्याकडे नदीत उतरण्यापूर्वी काठावर पत्र्याचा डबा बडवणारे लोक आहेत. आणखी कोणी नारळ वाहून मग उतरतात. तीस वर्षे उतरलो, मगरीने शिवले नाही, असे तेही सांगतात आणि खरे सांगतात. मी त्यांच्या श्रद्धेला हसत नाही. पण मोबाईलवरच्या पाणबुड्याला शास्त्र समजावयाचे आणि डबेवाल्याला अडाणी म्हणावयाचे, हा दुजाभाव मला पटत नाही. दोघांचा पुरावा एकाच तोलाचा आहे. फरक पडतो तो नेपच्यून बेटांवर, जेथे कोणीतरी यंत्र नसलेल्या फळीखालीही आमिष बांधले आणि मोजले. यंत्राशिवायची ती रिकामी फळी मला सर्व यंत्रांहून मोलाची वाटते.

(शिक्षकबंधूंना एक विनंती. विज्ञान प्रदर्शनात 'आमचे उपकरण यशस्वी ठरले' असा फलक घेऊन मूल उभे असेल, तेव्हा त्याला 'उपकरण बंद ठेवून काय झाले?' एवढे जरूर विचारा. मी परीक्षक म्हणून गेलो की विचारतो. बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही आणि बहुतेक वेळा दोष मुलाचा नसतो.)

विद्यार्थ्याचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. शार्क पळतो, मग मगर का नाही?

कारण मगरीपाशी त्या कुप्या नाहीत. मगरीच्या जबड्यावर, तोंडाच्या कडेने, काळे ठिपके दिसतात. ते वरवर पाहता शार्कच्या छिद्रांसारखेच वाटतात आणि तेही ज्ञानेंद्रियच आहे. पण ते स्पर्शाचे, दाबाचे इंद्रिय आहे. २००२ साली मगरीच्या कुळातील अ‍ॅलिगेटरवर झालेला प्रयोग असा होता: अंधारात अर्धवट पाण्यात असलेल्या प्राण्याजवळ पाण्याचा एक थेंब टाकला की तो बरोबर त्या दिशेस वळे. ठिपक्यांवर लेप देऊन ती झाकली की वळत नसे. एका थेंबाने उठणारा तरंग! पुढे २०१२ मध्ये अ‍ॅलिगेटर आणि मगर या दोन्हींच्या ठिपक्यांचे बारकाईने संशोधन झाले, तेव्हा त्यांना विद्युत्क्षेत्र दाखवूनही पाहिले. प्रतिसाद मिळाला नाही. अतिशय हलक्या स्पर्शाला मात्र मिळाला.

म्हणजे शार्कच्या ज्या अतितीक्ष्ण कानाशी ढोल बडवावयाचा, तो कानच मगरीला नाही. फूटव्हॉल्व्ह हलवताना पाण्यात जी खळबळ होते ती मात्र तिला लांबून कळते. काठावर डबा बडवून पाण्यात खळबळ करीत उतरणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

"पण सर," माझा विद्यार्थी म्हणाला, "तिला कान नसला तरी करंट तर बसेल ना? करंट कोणालाही बसतो." हा प्रश्न ऐकून मला आनंद झाला आणि धडकीही भरली. कारण तो खरा होता.

करंट बसेल. पण पहिल्यांदा कोणाला? येथे समुद्र आणि नदी यांतील फरक समजून घेतला पाहिजे. पदार्थातून वीज किती सहज जाते ते वाहकतेने मोजतात. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला सुमारे पाच सीमेन्स असते. गोड्या नदीची साधारण त्याच्या शतांश, कित्येकदा त्याहूनही कमी. आणि आपले शरीर? रक्त, स्नायू, चरबी यांची वाहकता निरनिराळी, पण ढोबळमानाने अर्ध्या सीमेन्सच्या घरात धरा. म्हणजे आपण दोघांच्या मध्ये आहोत: समुद्राच्या मानाने दहापट कमी वाहक, नदीच्या मानाने दहापट अधिक.

उसाला पाणी पाजताना पाहिले आहे ना? पाणी मोकळ्या सरीने धावते आणि वाटेत ढेकूळ आले की त्याला वळसा घालून जाते. समुद्रात माणसाचे शरीर हे विजेच्या वाटेतील ढेकूळ आहे. बराचसा प्रवाह त्याला वळसा घालून खाऱ्या पाण्यातूनच जातो. नदीत माणूस म्हणजे कोरड्या रानातली एकुलती एक मोकळी सरी. आजूबाजूचा प्रवाह आपण होऊन त्याच्याकडे वळतो. नदीत करंट लावून मासे मारणाऱ्यांचे मासे याच कारणाने मरतात, आणि तसे करणारे स्वतःच दगावल्याच्या बातम्या याच कारणाने वर्तमानपत्रांत येतात.

आता ते पान पुन्हा पाहा. इन्व्हर्टरचे २३० व्होल्ट, पट्ट्यांत अंतर तीन मीटर. सरासरी मीटरला सुमारे ७५ व्होल्ट. ज्या क्षेत्राजवळ शार्क थबकला त्याच्या साडेसात पट. शिवाय शार्कच्या यंत्राचा ठोका क्षणार्धात संपतो. इन्व्हर्टरची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांनी अखंड वाहते आणि तीच स्नायू आखडून धरते. पाण्यात स्नायू आखडले तर हृदयाचे काय होईल हा प्रश्नच उरत नाही, कमरेइतक्या पाण्यातही माणूस बुडतो. क्षेत्र कोठे सर्वांत जोरदार? पट्ट्यांच्या आसपास. तेथे कोण उभे आहे? चुलता. मगर अजून दहा वाव लांब, वाळूवर. तिला त्रास होईल इतकी वीज सोडावयाची तर तिच्याआधी तो माणूस संपलेला असेल. (हाच इन्व्हर्टर मालवणच्या समुद्रात जोडला असता तर खाऱ्या पाण्याने इतका प्रवाह ओढला असता की बहुधा तो स्वतःच भार न पेलून बंद पडला असता. गोड्या पाण्यात तो गुमान चालू राहील, हीच भीती.)

खऱ्या यंत्राच्या विद्युदग्राजवळ हात गेला तर पाणबुड्यालाही झटका जाणवतो. तो मारक ठरत नाही, कारण समुद्र खारा आहे आणि ठोका लहान आहे. या दोन्हींपैकी आपल्या पानावर एकही गोष्ट नव्हती.

विद्यार्थ्याला हे तोंडी पटण्यासारखे नव्हते. आम्ही निकामी सेल फोडून कार्बनच्या दोन कांड्या काढल्या, एक सेल आणि मिलीअ‍ॅमीटर जोडला आणि त्याने बाटलीत भरून आणलेल्या कृष्णेच्या पाण्यात बुडवल्या. काटा जेमतेम हलला. मग तितक्याच पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने मीठ विरघळवले, म्हणजे समुद्राइतके. काटा असा उडाला की मला घाईने तार सोडवावी लागली. त्यानंतर त्याने नदीच्या पाण्याच्या त्याच भांड्यात, कांड्यांच्या मध्ये, सोललेल्या बटाट्याची जाड फोड ठेवून पाहिली. काटा थोडा पुढे सरकला. "सर, हा चुलता," तो म्हणाला. हा प्रयोग तुम्ही करा; मात्र सेलवरच करा. घरातल्या प्लगची तार पाण्याजवळ नेऊ नका, इन्व्हर्टरचीही नाही.

मग चुलत्याने काय करावे? श्रीलंकेत नदीकाठच्या गावांनी यावर फार जुना आणि बिनविजेचा उपाय काढला आहे. घाटापुढच्या पाण्यात बल्ल्या एकमेकींना लागून रोवून वाडा करतात, हल्ली लोखंडी गजांचाही करतात. माणसे वाड्याच्या आत अंघोळ करतात, धुणे धुतात, मगर बाहेर राहते. तिकडे त्याला 'किंबुला कोटुव', मगरीचा कोट, म्हणतात. फूटव्हॉल्व्हभोवती असा गजांचा पिंजरा केला तर दोन कामे होतील: मगर बाहेर राहील आणि पालापाचोळाही पिंजऱ्यालाच अडकून काठावरून लांब आकड्याने काढता येईल. कृष्णेचा पूर तो पिंजरा टिकू देईल का, हा प्रश्न खरा आहे. तो पावसाळ्यापूर्वी उचलून ठेवता येईल असाच करावा लागेल. गावात वेल्डिंगची दुकाने आहेत, आणि वनखात्याच्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी मोठी संस्था तर आमच्या कुंडलमध्येच आहे. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहे, तेव्हा नदीत काहीही रोवण्यापूर्वी वनखात्याशी बोललेले बरे.

खरी शार्क महाराष्ट्राच्या गोड्या पाण्याकडे कधी येतच नाही, असेही समजू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाचा पाय शार्कच्या हल्ल्यात गेला. बुल शार्क ही जात खाडीतून नदीत चढते. तेथे त्या यंत्राचे काय होईल? मनोरच्या पाण्याची खारटी भरती-ओहोटीप्रमाणे पालटणार. वर सांगितलेल्या चाचण्या खाऱ्या समुद्रात झालेल्या, त्याही दुसऱ्या जातीच्या शार्कवर. मी तरी त्या भरवशावर वैतरणेत पाय घालणार नाही.

कृष्णा मात्र पूर्वेला वाहते, आणि तिच्यात शार्क नाही. हे सांगितल्यावर विद्यार्थी थोडा हिरमुसला. "म्हणजे आपल्या नदीत वीज कळणारं कोणीच नाही?"

आहे. शिंगाळा आणि मागूर. मिशा असलेल्या या माशांच्या कातडीत वीज ओळखणारी बारीक इंद्रिये असतात; गढूळ पाण्यात, रात्री, त्यांचा त्यांना उपयोग होतो. १९१७ साली पार्कर आणि व्हॅन ह्यूसेन या दोघांनी अमेरिकेतील अशाच मिशाळ माशाचे डोळे झाकून त्याच्याजवळ पाण्यात काचेची कांडी नेली, तेव्हा मासा स्वस्थ राहिला. धातूची कांडी मात्र स्पर्श होण्यापूर्वीच त्याला कळली. धातू पाण्यात बुडताच त्याच्या पृष्ठभागावर जी अत्यल्प वीज निर्माण होते, तेवढी त्याला पुरली.

डोळे झाकण्याची दगदग नको असेल तर अंधाऱ्या खोलीत पिंप ठेवूनही चालेल, असे आम्ही ठरवले आहे. काचेची कांडी प्रयोगशाळेत आहे. ॲल्युमिनियमची सळई एका वेल्डरने दिली. प्लॅस्टिकच्या नळीत घातलेली तशीच दुसरी सळईही तयार ठेवली आहे, ती का, हे तुम्ही ओळखाल. मागूर मासा चुलत्याने आणून द्यावयाचा आहे. गळाने धरावयाचा नाही, कारण तोंड जखमी झालेला मासा प्रयोगाला उपयोगाचा नाही. जाळ्याने धरून, ओल्या पोत्यात घालून, काठावरूनच.